वर्णन नको, मुद्दा सांग!

आपल्या पिढीनं शाळेत निबंध काही कमी लिहिले नाहीत. ‘पाऊस पडला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘मी पाहिलेला अपघात’, ‘माझे आवडते शिक्षक’. वरच्या वर्गात गेल्यावर ‘विज्ञान : शाप की वरदान?’ असा वैचारिक निबंध यायचा. त्याचा साचा ठरलेला. तीन परिच्छेद वरदानाचे, दोन शापाचे आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, विज्ञानाचा वापर कसा करायचा हे माणसाच्याच हातात आहे’ असं म्हणून पेन खाली ठेवायचं. मध्ये एखादं सुभाषित पेरलं की आणखी अर्धा मार्क. भाषा चांगली हवी, अक्षर चांगलं हवं, सुरुवात आकर्षक हवी. पण एक बाजू घे आणि ती मला पटवून दे, असं काही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

इथं अमेरिकेत चित्र उलटं आहे. किंडरगार्टनमधलं पोरही ‘मला हे पुस्तक आवडलं, कारण...’ असं लिहायला शिकतं. २०१० पासून बहुतेक राज्यांनी जे ‘कॉमन कोअर’ निकष स्वीकारले, त्यांत पाचवीपर्यंत याला ‘ओपिनियन’ लेखन म्हटलंय. सहावीपासून त्याचं ‘आर्ग्युमेंट’ होतं. पुढे काही राज्यांनी नावं बदलली, गाभा तोच राहिला. सुरुवातीलाच आपली भूमिका एका वाक्यात मांडायची, मग कारणं, मग पुरावे. सातवीपासून विरुद्ध बाजूचं म्हणणंही विचारात घ्यायचं. नाण्याला दोन बाजू असतात हे मान्य; पण तुझी कोणती ते आधी सांग, असा मामला.

माझी मुलगी यंदा सातवीत आहे. या वर्षी तिच्या वहीत तीन ग्रीक शब्द आले : इथॉस, पॅथॉस आणि लोगोस. इथल्या बऱ्याच मराठी आईबापांना हे शब्द मुलांच्या होमवर्कमध्येच पहिल्यांदा भेटतात. कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मलाही ते कुठे भेटले नव्हते. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्राचीन अथेन्सच्या न्यायालयात आजच्यासारखे वकील नसत. फिर्यादी आणि आरोपी दोघांनाही स्वतःच उभं राहून बोलावं लागे. फार तर पैसे देऊन कुणाकडून तरी भाषण लिहून घेता येई. समोर निकाल द्यायला शेकडो नागरिक बसलेले. बोलण्याची वेळ मोजायला आपल्या घटिकापात्राची आठवण व्हावी असं पाण्याचं घड्याळ. भांड्यातलं पाणी संपलं की बोलणं संपलं. अशा जगात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलनं ‘रेटरिक’ या ग्रंथात माणसाला एखादी गोष्ट पटते कशी, याची उकल केली.

त्यानं तीन वाटा सांगितल्या. लोगोस म्हणजे तर्क : कारणं, पुरावे, उदाहरणं. पॅथॉस म्हणजे भावना. पण बोलणाऱ्याच्या नव्हे, ऐकणाऱ्याच्या. इथंच मुलांची गल्लत होते. मला किती वाईट वाटतंय, हे लिहिलं म्हणजे पॅथॉस झालं असं त्यांना वाटतं. समोरच्याला काय वाटतंय, त्याला कशाची काळजी आहे, कशाची भीती आहे, हे ओळखून बोलणं म्हणजे पॅथॉस. आणि तिसरा इथॉस, म्हणजे बोलणाऱ्याबद्दल वाटणारा विश्वास. हा विश्वास आधीच्या नावलौकिकावर नाही, तर बोलण्यातूनच उभा राहायला हवा, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीलाही तो कमावता येतो.

शाळेत मात्र या तिघांची पटकन फोडणी होते. मोहरी, जिरं, हिंग तडतडलं की झालं! इथॉससाठी एका डॉक्टरचं मत, पॅथॉससाठी एक आजारी कुत्र्याचं पिल्लू, लोगोससाठी एक टक्केवारी. वर्कशीटचे तिन्ही रकाने भरले, पण वाचणारा जागचा हलला नाही.

मुलीच्या टीचरनं यावर चांगला उपाय काढला. विषय कुठलाही घ्या, पण निबंध एका खऱ्या माणसाला उद्देशून लिहा आणि त्या माणसाच्या हातात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार पाहिजे. ‘जगात शांतता नांदावी’ वगैरे चालणार नाही. कुणी मुख्याध्यापकांना लिहिलं, कुणी पोहण्याच्या कोचला. आमच्या कन्येनं आम्हालाच लिहिलं. विषय : ‘मी रविवारची मराठी शाळा का सोडावी’. त्या वेळी तिला व्हॉलीबॉल खेळायचं होतं.

यातली मेख अशी की त्या शाळेत माझी बायको शिकवते, अगदी बिगरीतल्या पोरांना. आणि परदेशातल्या मराठी घरात हा विषय किती नाजूक असतो ते वाचकांना सांगायला नको. एक रविवार सुटला की दुसरा सुटतो, मग पोर फोनवर ‘हाय आजी, बाय आजी’वर येतं, ही धास्ती प्रत्येक घरात असते.

पहिला कच्चा खर्डा अपेक्षेप्रमाणेच होता. मी दमते, रविवारी सगळ्या मैत्रिणी खेळतात, मराठी शाळा बोअर आहे, हे माझ्यावर अन्याय करणारं आहे. टीचरनं समासात दोनच प्रश्न लिहून परत दिला. तुझे वाचक कोण आहेत? त्यांना कशाची भीती वाटते?

त्यानंतर तीन रविवार ती मुकाट्यानं शाळेत गेली. आम्हाला वाटलं, विषय संपला. प्रत्यक्षात ती वहीच्या मागच्या पानावर नोंदी करत होती. जायला ४० मिनिटं, यायला ४० मिनिटं, वर्ग दोन तासांचा. एका रविवारचे ३ तास २० मिनिटं, तीन रविवारचे १० तास. त्या १० तासांत वर्गात ती स्वतः किती वेळ मराठी बोलली, तर ६, ४ आणि ९ मिनिटं. एकूण १९. बाकीच्या वेळात खाली मान घालून लिहिणं, दुसऱ्यांची पाळी संपायची वाट बघणं आणि शेजारणीशी इंग्रजीत कुजबुजणं. हे शेवटचंही तिनं लिहिलं होतं. याला म्हणतात लोगोस! इंटरनेटवरून उचललेली टक्केवारी नाही. स्वतः मोजलेली, आम्हाला तपासता येईल अशी. आणि कुजबुजीची कबुली आली तिथं इथॉसही आला. स्वतःला अडचणीचं असलेलंही जो लपवत नाही, त्याच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

पुढचा परिच्छेद आणखी महत्त्वाचा होता. ‘मला वाचता येतं ते मराठी शाळेमुळेच. पाच वर्षांत मी फक्त ताप आला तेव्हाच घरी राहिले. आईबाबांना वाटतं की शाळा सुटली तर माझं मराठी सुटेल आणि मग मला आजीशी बोलता येणार नाही. ही भीती खरी आहे, कारण माझ्या ओळखीच्या दोन मुलींचं असं झालंय.’ आमच्या मनातली भीती आम्ही स्वतः इतक्या सरळ शब्दांत कधी बोललो नव्हतो. इथं ‘मी दमते’ कुठेच नव्हतं. पॅथॉस आता योग्य पत्त्यावर पोचला होता.

शेवटी तिनं पर्याय मांडला. आठवड्यातून तीनदा साताऱ्याच्या आजीला फोन, प्रत्येकी २० मिनिटं, इंग्रजी वाक्य वर्ज्य. शिवाय रोज एक पान मराठी वाचन. तीन महिने करून बघू. महिन्यात दोनपेक्षा जास्त फोन बुडाले तर ती निमूटपणे परत मराठी शाळेत. आमच्या धंद्यात कुठलाही मोठा बदल करताना, तो फसला तर मागे कसं यायचं ते आधी लिहून ठेवावं लागतं. ते वाचून इंजिनीअर बाप पुरता विरघळला.

पण वाचक दोन होते. बायकोवर आकड्यांचा काही परिणाम झाला नाही. तिनं एक पानभर उत्तर लिहिलं, तेही मराठीत. आणि ते मुलीनं स्वतः वाचायचं अशी अट घातली. ‘हिरिरीनं’ आणि ‘ओघ’ या दोन शब्दांवर गाडी अडली, बाकी तिनं वाचलं. उत्तराचा सारांश असा : वर्गात १४ मुलं आणि १२० मिनिटं. गोष्ट सांगायला, फळ्यावर लिहून द्यायला लागणारा वेळ वजा केला तर एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटंच येणार. हा शाळेचा दोष नाही, साधा भागाकार आहे. शिवाय तू बोललेली मिनिटं मोजलीस. ऐकलेली मोजलीस का? भाषा आधी कानातूनच येते. आणि तिसरी गोष्ट, ज्यांना नीट बोलता येतं ती मोठी मुलं निघून गेली तर बिगरीतल्या पोरांनी कुणाकडे बघून बोलायचं? तू पाच वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसायचं, आठवतंय?

मला हे उत्तर मूळ निबंधाइतकंच तोलाचं वाटलं. जे मोजता आलं तेवढंच मुलीनं मोजलं होतं. ऐकणं मोजणं अवघड, आणि आपण तिथं नसल्यामुळे दुसऱ्याचं काय जातं ते मोजणं तर त्याहून अवघड. तर्काची ही मर्यादा मुलांना लवकर कळलेली बरी. आकडा खरा असूनही अपुरा असू शकतो.

निकाल असा लागला : एक रविवार व्हॉलीबॉल, एक रविवार मराठी शाळा, पण शाळेत आता विद्यार्थिनी म्हणून नाही, तर बिगरीच्या वर्गात आईची मदतनीस म्हणून. आजीचे तीन फोन ठरल्याप्रमाणे. ते आमच्या सकाळी शाळेच्या बसआधी होतात, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. सध्या दुसरा महिना चालू आहे. एखाद्या दिवशी २० मिनिटं भाजीच्या भावावर जातात, एखाद्या दिवशी दोघींना बोलायला काही सुचत नाही. तीन महिन्यांनी काय ठरेल ते आज मलाही माहीत नाही. पण घरात हा विषय निघाला की पूर्वी दार आपटलं जायचं, आता वही उघडली जाते.

यातून माझ्या लक्षात आलेली मुख्य गोष्ट अशी, की तिन्हींपैकी काय किती घालायचं ते लिहिणारा ठरवत नाही, वाचणारा ठरवतो. मी आकड्यांनी हललो, बायको शाळेला दिलेल्या श्रेयानं थोडी मऊ झाली. निबंध एकच होता.

मोठ्या माणसांच्या लेखनातही हेच दिसतं. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. वाचणारे होते इंग्रज राजवटीचे अधिकारी. म्हणून जोतीराव सुरुवातीलाच पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत शाळा चालवण्याचा आपला अनुभव सांगतात. मी हे बोलतोय ते कशाच्या आधारावर, ते आधी. मग सरकारला कळणारा हिशेब : तिजोरीतला मोठा वाटा रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा मात्र वरच्या वर्गांना होतो. आणि मग नेमकी मागणी : निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. दुःख तेच, रयत तीच. पण हे लिखाण त्यांनी लोकांपुढे वाचूनही दाखवलं होतं आणि त्याची धार नावातच दिसते. वाचणारा बदलला तशी भाषा बदलली. म्हणणं बदललं नाही.

इथल्या हायस्कूलमध्ये यासाठी हमखास वाचायला देतात ते मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र, तारीख १६ एप्रिल १९६३. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढून त्यांच्या आंदोलनावर टीका केली होती. बाहेरची माणसं येऊन हे करताहेत, ही योग्य वेळ नाही, असा त्यांचा सूर. किंग यांनी त्यांचा एकेक आक्षेप घेतला, तो नीट मांडला आणि मग उत्तर दिलं. वाचणारे धर्मगुरू, म्हणून दाखले सेंट पॉल आणि सेंट ऑगस्टीनचे. आणि भावनेला हात घालायची वेळ आली तेव्हा मोठमोठे शब्द नाहीत. टीव्हीवर जाहिरात बघून करमणुकीच्या बागेत जायचा हट्ट धरणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला, तिथं काळ्या मुलांना प्रवेश नाही हे सांगायची वेळ बापावर येते, एवढंच. आठांपैकी प्रत्येकाच्या परिचयात अशी लहान मुलं असणारच.

विरुद्ध बाजू आधी मांडायची ही पद्धत आपल्याला मुळीच परकी नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष यायचा, मग सिद्धान्त. प्रतिपक्षाचं म्हणणं तोडकंमोडकं मांडून ते खोडलं तर त्याला किंमत नसे. न्यायशास्त्रानं तर चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधायला होतो तो वाद, नुसतं जिंकायला होतो तो जल्प, आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता समोरच्याचं खोडत बसणं म्हणजे वितंडा. यातला तिसरा शब्द आपण मराठीत अजून रोज वापरतो. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा प्रत्यय येतोच.

याच न्यायशास्त्रातला पाच पायऱ्यांचा युक्तिवाद मुलांना सांगून बघा. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथं धूर दिसतोय, हा हेतू. जिथं धूर तिथं आग, जशी चुलीत, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथं आग आहे, हे निगमन. इथल्या शाळेतली भूमिका, कारण, पुरावा, विवेचन आणि समारोप या पायऱ्या त्यावर छान बसतात. बहुतेक मुलं गाळतात ती चौथी पायरी. पुरावा देतात आणि पुढे पळतात. तो पुरावा आपल्या मुद्द्याला लागू कसा होतो, हे सांगायचं राहून जातं. ‘१० तासांत १९ मिनिटं’ हा पुरावा झाला. ‘म्हणजे मला बोलायचा सराव हवा असेल तर तो इथं मिळत नाही, आजीबरोबर मिळेल’ हा उपनय.

ज्यांची मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत आहेत त्यांच्यासाठी हे गुणांच्या हिशेबातही महत्त्वाचं आहे. ‘एपी इंग्लिश लँग्वेज’च्या परीक्षेत तीन निबंध असतात. दिलेल्या संदर्भांवरून लिहायचा एक, दुसऱ्याच्या लेखनाचं विश्लेषण करणारा एक आणि स्वतःचा युक्तिवाद मांडणारा एक. प्रत्येकाला साधारण ४० मिनिटं आणि ६ गुण. त्यातला १ गुण स्पष्ट भूमिकेला, तर तब्बल ४ गुण पुरावा आणि विवेचनाला. इथॉस-पॅथॉस-लोगोस ही नावं नुसती घेतल्याचा गुण मिळत नाही.

घरी सराव करून घ्यायचा असेल तर लांबचे विषय देऊ नका. प्लॅस्टिकबंदी आणि मोबाइलचे दुष्परिणाम यांवर मुलं पाठ केलेलं लिहितात, किंवा हल्ली यंत्राकडून लिहून घेतात. त्यापेक्षा घरातला, गल्लीतला, लायब्ररीतला असा एक प्रश्न शोधा, ज्याचा निकाल एका ठरावीक माणसाच्या हातात आहे. त्या माणसाचं नाव कागदाच्या डोक्यावर लिहायला लावा. वही-पेन्सिल देऊन काहीतरी स्वतः मोजून, विचारून, बघून आणायला सांगा. मागच्या बाकावर बसून मिनिटं मोजणं कुठल्याही यंत्राला जमत नाही. मागणी एका वाक्यात हवी, आणि ती मान्य करणं समोरच्याला शक्य असलं पाहिजे.

आणि कागद सुपूर्द करण्याआधी एक शेवटची परीक्षा. विरुद्ध बाजूचा परिच्छेद त्याच माणसाला वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘तुमचं म्हणणं हेच ना?’ तो म्हणाला, ‘नाही, तसं नाही,’ तर परत लिहायला बसायचं. तो म्हणाला, ‘हो, अगदी हेच,’ तर पुढचं ऐकायला तो तयार झालाय असं समजायला हरकत नाही.